दार नसलेली बँक

गुरुवार, ३ जुलै

ही डायरी कामशेतच्या बँकेने जानेवारीत दिली होती. तेव्हापासून कपाटावर कोरी पडून होती. आज सून चैताली म्हणाली, "आबा, तुम्ही एकच काळजी दिवसातून दहादा आईंना सांगता. त्यापेक्षा लिहून काढा. त्यांची भाकरी तरी करपणार नाही."

म्हणून बसलो. सातवीपर्यंत शिकलो आणि रेल्वेत फाटकवाला म्हणून लागलो, तेव्हा शुद्धलेखनाचं कुणी बघू नये. जूनपर्यंतची पानं वाया गेली याची हळहळ वाटते. चैताली म्हणते, मागच्या पानांवर लिहा. पण जानेवारीच्या तारखेखाली जुलैचं लिहिणं म्हणजे खोटी नोंद. फाटकावर असं केलं असतं तर नोकरी गेली असती.

आजची काळजी अशी की पत्र्याचा एक कोपरा वाजतो आहे.

रविवार, ६ जुलै

पत्र्याचं राहू दे. आज मोठं झालं.

भाजे लेण्यांचा चढ सुरू होतो तिथे माझ्या बायकोची, सरूबाईची, चूल आहे. पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. पावसाळ्यात शनिवार-रविवार धबधबा बघायला पुण्या-मुंबईची माणसं लोटतात आणि भिजून आली की तिच्या चुलीभोवती बसतात. खाऊन झालं की एकच प्रश्न, "मावशी, स्कॅनर?" नोटा आता कुणी बाळगतच नाही. चुलीजवळ पुठ्ठ्यावर तो चौकोनी छाप चिकटवलाय, पण तो आमच्या मुलाच्या, सुरजच्या, खात्याचा आहे. सुरज सुदुंबऱ्याकडे कंपनीत. आत जाताना फोन गेटवर ठेवून घेतात. म्हणजे पैसे आले की नाही हे सुरजची पाळी सुटल्यावर कळणार.

आज दोन पोरांनी भरपेट खाऊन फोनवरची हिरवी खूण दाखवली आणि गेली. संध्याकाळी सुरज म्हणाला, तसले पैसे आलेच नाहीत.

सरूबाईने उरलेलं पिठलं झाकलं. चूल विझवली, परात घासली, मग म्हणाली, "थापते मी, धूर माज्या डोळ्यात, आन् टुंग वाजतं सुदुंबऱ्यात!"

मी म्हटलं, "सुरज परका आहे का? देतो की सगळे."

"देतो ना. पर मला माज्याच पैशाचं इचारावं लागतं, आलं का रे बाबा म्हणून. आता माज्या नावाचं खातं पायजे. माज्या फोनात वाजलं पायजे. श्रावण लागायच्या आत झालं तर झालं, न्हाईतर चूल बंद. मंग तुमी बसा ठेचा वाटत."

तिने एकदा बंद म्हटलं की बंद. आमच्या लग्नात माझ्या मामांशी बोलणं बंद केलं होतं, मामा वारले तोवर बंदच होतं.

मंगळवार, ८ जुलै

सरूबाईला घेऊन कामशेतला बँकेत गेलो. मळवलीहून लोकलने पुढचंच स्टेशन, पण पाऊस होता. ती छत्री सोडून कागदांच्या पिशवीवर पदर धरून बसली.

मला ती बँक आवडते. माझी पेन्शन तिथे येते. मी दर मंगळवारी पासबुक छापून घ्यायला जातो. छापण्यासारखं काही नसलं तरी जातो. शिपाई कोंडाजी "या फाटकवाले" म्हणतो, पंख्याखालची खुर्ची ओढून देतो. मागे जाळी, तिच्या मागे तिजोरी, बाहेर बंदूकवाला. मनाला बरं वाटतं.

खातं मात्र झालं नाही. सरूबाईने यंत्रावर बोट ठेवलं, यंत्राने नाही म्हटलं. दुसरं ठेवलं, नाही. दहाही बोटं झाली. पुसून झाली, तेल लावून झाली. कारकून मुलगी चांगली होती. म्हणाली, "आजी, तुमच्या बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत. आधी आधार केंद्रात जाऊन ठसे नवे करून आणा, मग बघू." आधार केंद्रात गेलो तर सर्व्हर बंद. पुढच्या आठवड्यात या.

येताना सरूबाई गाडीत स्वतःची बोटं निरखत होती. म्हणाली, "सगळ्या रेघा त्या परातीनं खाल्ल्या बगा. लोकांच्या पोटात गेल्या असतील पिठल्यासंगं." आणि एकटीच हसत सुटली. समोरची बाई घाबरून सरकून बसली.

शुक्रवार, ११ जुलै

चैतालीने आज जेवताना नवीनच काढलं. ती लोणावळ्यात तुंगार्लीला बंगले भाड्याने देणाऱ्या ऑफिसात काम करते, तिथल्या सगळ्यांचं म्हणे एका मोबाईलवरच्या बँकेत खातं आहे. बोटं लागत नाहीत. फोनवर व्हिडिओमध्ये माणूस येतो, चेहरा बघतो, चार प्रश्न विचारतो आणि खातं उघडतो.

मी विचारलं, "शाखा कुठे आहे?"

"शाखा नाहीये, आबा."

"म्हणजे लोणावळ्यात नाही?"

"कुठेच नाही."

मी घास ताटात ठेवला. बँकेला दार नाही! मग तक्रार घेऊन जायचं कुठे? कुणाच्या टेबलावर हात आपटायचा?

चैताली म्हणाली, "तुम्ही आजवर कुणाच्या टेबलावर हात आपटलाय?"

आपटला नाही, पण आपटता येतो हे माहीत असतं. त्यात फरक आहे.

तिने समजावलं, की फोनवर दिसतं ते नुसतं दुकान, मागे पैसे ठेवणारी परवान्याची खरी बँक असते, रिझर्व्ह बँकेच्या यादीत तिचं नाव तिने स्वतः बघितलंय. म्हणजे दार आहे, पण दुसऱ्याच्या घराचं.

मी म्हटलं, आणि कुलूप? तर म्हणाली, प्रत्येक मोठ्या कामाला एक नंबर येतो. एकदाच चालतो. वापरला की मेला.

हे ऐकून मला पहिल्यांदा जरा धीर आला. हा तर आमचा प्रायव्हेट नंबर! फाटकावर हेच होतं. स्टेशन मास्तरांचा फोन यायचा, गाडी सुटते आहे. मी फाटक लावायचं. मग त्यांनी त्यांच्या कागदावरचा नंबर सांगायचा, मी माझ्या कागदावरचा. दोघांनी लिहायचं, वेळ टाकायची आणि नंबर खोडायचा. मगच सिग्नल. पंचवीस वर्षांत माझा एक नंबर इकडचा तिकडे झाला नाही.

"तसंच ना?" मी विचारलं.

चैतालीचा घास तोंडात होता. म्हणाली, "हो आबा, तसंच समजा."

सोमवार, १४ जुलै

चौकशी केली. रिक्षावाला लखन ही मोबाईलची बँक वापरतो. म्हणाला, "आबा, लय झ्याक. सुट्ट्याची कटकट न्हाई. पेट्रोल टाकलं, टुंग. भाडं आलं, टुंग." मग जरा घुटमळून म्हणाला, मागच्या वर्षी फोन तुंगार्लीच्या तलावात पडला तेव्हा नवं सिमकार्ड मिळेपर्यंत चहाला महाग झालो होतो. बँक तलावात बुडाली हे मी प्रथमच ऐकलं.

उलट आपल्या बँकेचंही आहेच. दुसऱ्या शनिवारी बंद, चौथ्या शनिवारी बंद, रविवारी बंद. आणि सरूबाईची कमाई नेमकी शनिवारी-रविवारी. पासबुक हातात असलं तरी ती दोन पोरं खोटी खूण दाखवून गेली तेव्हा पासबुक काय करणार होतं?

दोन्हीकडचं विचारात घेतलं. ठरत नाही.

गुरुवार, १७ जुलै

दिवसभर धुकं. घरात रेंज नाही. आमच्या भाजे गावात रेंज फक्त बुद्धविहाराच्या ओट्यावर मिळते. पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन संपलं की सगळे तिथेच खाली माना घालून बसतात. लांबून कुणाला वाटेल ध्यान चाललंय.

सरूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलते. आज म्हणाली, "मीठ," "दार लावा," आणि "श्रावण आठ दिसांवर आला." शेवटचं जरा मोठ्याने.

शुक्रवार, १८ जुलै

आज माझ्या हातून फार मोठी चूक झाली. घरात कुणाला सांगितलेलं नाही. चैताली शनिवार-रविवारच्या बुकिंगमुळे तुंगार्लीलाच राहिली आहे, आणि सरूबाईला सांगायची सोय नाही.

दुपारी विहारातल्या वाचनालयाचे कागद द्यायला गेलो होतो. तिथे फोन आला. खुद्द कामशेत शाखेचे मॅनेजर साहेब! त्यांच्या केबिनपर्यंत मी कधी गेलेलो नाही. माझं पूर्ण नाव घेतलं, सीतारामजी म्हणाले. बोलणं हिंदी वळणाचं होतं, पण मोठ्या साहेबांची बदली कुठून कुठून होते. मी उभा राहिलो. सदऱ्याची बटणंही लावली.

म्हणाले, कागदपत्रं अपुरी आहेत, तुमचं खातं संध्याकाळी बंद होणार, पेन्शन अडकेल. म्हणाले, घाबरू नका, मी बसलोय ना. आता फोनवर सहा आकडी नंबर येईल, तो फक्त मला सांगा.

नंबर आलाच. मी लगेच ओळखलं, हा प्रायव्हेट नंबर. म्हटलं, "साहेब, आधी तुमचा."

"मेरा क्या?"

"तुमचा प्रायव्हेट नंबर. तुम्ही सांगायचा, मी लिहायचा, मग मी माझा देणार. एका बाजूने दिलेला नंबर धरत नाहीत."

मग म्हणाले, "लिखो. एक दो तीन चार पाँच छे."

मी नम्रपणे म्हटलं, साहेब, असे ओळीने आकडे कुठल्या कागदावर असतात? नीट बघून सांगा, मी थांबतो. तेव्हा त्यांनी दुसरा दिला. तो लिहून घेतला, परत वाचून दाखवला. मग वेळ विचारली. ते म्हणाले, "टाइम छोडो!" आता वेळ कशी सोडणार? दोघांची घड्याळं जुळल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. मी म्हटलं, माझ्यात चार दहा झालेत, तुमच्यात किती? आणि नावापुढे हुद्दा काय लिहू?

तर साहेब एकदम भडकले. जो शब्द वापरला तो इथे लिहीत नाही. फोन आपटला.

इतका मोठा माणूस माझ्या पेन्शनसाठी स्वतः फोन करतो आणि मी त्याला वेळ विचारत बसलो. माझा नंबर द्यायचा राहूनच गेला. आता खातं बंद झालं असेल. नंबर आला त्या निरोपात खाली इंग्रजीत बरंच काही लिहिलंय, पण चैताली नाही. सोमवारी जाऊन माफी मागतो.

रविवार, २० जुलै

गर्दी. सरूबाईच्या चुलीवर सकाळपासून उसंत नाही. मी ताक वाढत होतो, पण साहेब डोळ्यांसमोरून हलत नाहीत. एका मुलीच्या ताटात दोनदा ठेचा वाढला. ती रडत रडत छान म्हणाली.

सोमवार, २१ जुलै

कामशेतला गेलो. रिकाम्या हाताने माफी कशी मागायची म्हणून अर्धा किलो चिक्की घेतली. कोंडाजी दारातच भेटला. मी म्हटलं, मोठे साहेब रागात आहेत का?

"कोण साहेब?"

"मॅनेजर."

"फाटकवाले, आपल्याकडं अमृता मॅडम हायेत की. दोन वर्षं झाली."

मला वाटलं तो थट्टा करतोय. पण आत खरंच मॅडम होत्या. मी हात जोडून सगळं सांगितलं. घड्याळाचंसुद्धा. मॅडमनी माझा फोन घेतला, निरोप वाचला आणि खुर्चीतून उठल्या. आधी कुणाला तरी फोन लावला, माझं खातं तपासलं. मग बसून मराठीत वाचून दाखवलं. हा नंबर कुणालाही सांगू नका. बँक कधीही विचारत नाही.

तो साहेब नव्हता. चोर होता.

"आजोबा, तुम्ही नंबर दिला का नाही?" मॅडमनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "त्यानं त्याचा धड दिला नाही म्हणून."

मॅडम तोंडावर हात ठेवून हसल्या. कारकून मुलगी हसली. कोंडाजीने तर सगळ्या रांगेला पहिल्यापासून सांगितलं, आणि सांगता सांगता चिक्कीचा पुडा फोडून वाटला. मी पण हसलो, पण पंख्याखालची खुर्ची ओढून बसलो. त्या चोराने जर दुसऱ्या नंबरानंतर वेळ नीट सांगितली असती, तर मी दिला असता. नक्की दिला असता. हे कुणाला सांगितलं नाही, इथे लिहितो. नंबर मागितला की द्यायचा, हे हाडात बसलंय. मॅडमनी बजावलं, हा नंबर देवाणघेवाणीचा नाहीच. हा फक्त आपण आपल्या हाताने फोनमध्ये टाकायचा. तोंडाने उच्चारायचा नाही. असा फोन परत आला तर कुठे कळवायचं तो नंबर माझ्या पासबुकावर लिहून दिला, एक नऊ तीन शून्य.

घरी येऊन सरूबाईला सांगून टाकलं. मला वाटलं ओरडेल. ती तव्यापाशी बसून हसायला लागली. भाकरी फुगली, काळी झाली, धूर झाला, तरी हसते आहे. "चार धा झाल्यात म्हणं! चोराला टायम इचारला! त्येनं घड्याळ बगितलं आसंल वो!"

मग डोळे पुसून म्हणाली, "तुमच्या बँकंला एवढं दार, जाळी, बंदूकवाला. आन् चोर आला तो फोनातनंच ना?"

"हो."

"मी शाखेतनं बोलतोय, म्हणला. म्हणून तुमी हुबं ऱ्हायला. माज्या त्या बँकंला शाखाच न्हाई. मला कुनी म्हणलं शाखेतनं बोलतोय, की मी म्हणणार, खोटारड्या, ठेव फोन!"

मी ती काळी भाकरी तव्यावरून काढली.

मंगळवार, २२ जुलै

ठरवलं. माझी पेन्शन कामशेतला, जाळीमागे. तिथून काढायचं तर मी स्वतः जाईन, कोंडाजीला भेटेन. चुलीचे रोजचे पैसे सरूबाईच्या फोनात. तिथे फार साठू द्यायचं नाही, आठवड्याला जास्तीचे कामशेतला हलवायचे. म्हणजे फोन तलावात पडला तरी बँक सगळी बुडणार नाही. चैताली आली होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, "आबा, हे तर आमच्या ऑफिसातल्या साहेबांनाही सुचलं नाही."

सरूबाईला सांगितलं तेव्हा ती नुसतं "व्हय" म्हणाली. पण संध्याकाळी माझ्या पिठल्यात जास्तीचा लसूण होता.

बुधवार, २३ जुलै

आज सरूबाईचा व्हिडिओ होता. उद्या अमावस्या, परवा श्रावण. आज झालं नाही तर चूल बंद.

विहाराच्या ओट्यावर गेलो. पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता. सरूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, फोन पाण्याच्या माठाला टेकवून, मांडी घालून बसली. चैतालीने मला खांबामागे उभं केलं. म्हणाली, "आबा, तिकडच्या माणसाला दुसऱ्या कुणाचा आवाज गेला तर तो अर्ज रद्द करतो. कुणी शिकवतंय असं धरतात. काहीही झालं तरी बोलायचं नाही."

फोनात एक मुलगा आला. म्हणाला, "नमस्कार आजी, मी आकाश. आधी जरा डोळे मिचकवा."

सरूबाईने पदर तोंडाला लावला. "आगं बाई. ह्या वयात?"

"तसं नाही आजी. नुसते मिटा आणि उघडा."

ते झालं. गाव, तालुका, जन्मसाल झालं. मग आकाश म्हणाला, "आता वारसदार. तुमच्या मिस्टरांचं पूर्ण नाव सांगा."

सरूबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

"आजी, ऐकू येतंय?"

"येतंय की. सुरजचे वडील."

"त्यांचं नाव?"

"फाटकावर हुते. सगळी वळखतात त्येंना."

"पण नाव, आजी."

लग्नाच्या मांडवात तिने माझं नाव घेतलं, त्यानंतर आजतागायत नाही. अवो, अहो ऐकलं का, सुरजचे वडील, याच्यावर सगळा संसार झाला. कागदोपत्री कुठे लागलं तर मीच पटकन सांगून मोकळा व्हायचो. आणि आज माझंच नाव मला बोलता येत नव्हतं.

सरूबाईने फोन उचलला आणि भिंतीवरच्या देणगीदारांच्या पाटीकडे धरला. "ह्ये बग. तिसऱ्या वळीत हाये."

"दाखवून चालत नाही, आजी. तुम्ही तोंडाने सांगायला हवं. नाहीतर मला अर्ज थांबवावा लागेल."

मी तोंड उघडलं. चैतालीने माझ्या तोंडावर हातच ठेवला. पाऊस वाजत होता. मला वाटलं गेलं. सगळं गेलं.

सरूबाईने फोन परत माठाला टेकवला. डोक्यावरचा पदर नीट केला. पाठ ताठ केली, आणि मांडवात उभी असल्यासारखी, खणखणीत आवाजात म्हणाली:

"ताज्या ताज्या भाकरीवर ताजं ताजं तूप,
सीताराम गेणू ओव्हाळांचं नाव घेते, बँकंला न्हाई कुलूप!"

फोनात आकाश हसला. त्याच्या मागे आणखी कुणी कुणी हसल्याचं ऐकू आलं. चैतालीचा हात माझ्या तोंडावरून गळून पडला.

तेवढ्यात आकाश वाकडा होऊन तिथल्या तिथे थिजला. रेंज गेली. जरा वेळाने परत आला.

"सॉरी आजी, मध्येच आवाज तुटला. रेकॉर्डमध्ये नाव नीट आलं नाही. पुन्हा एकदा सांगाल का, पहिल्यापासून?"

सरूबाईने खांबाकडे एकदा डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. आणि पुन्हा, पहिल्यापासून, पहिल्यापेक्षा मोठ्याने सांगितलं.

खातं उघडलं. त्या रेंजला मी आजवर काय काय नावं ठेवली आहेत. आज अगदी वेळेवर गेली.